पहिल्या आधणाचं पोटॅश

सातारा, १२ जून २०२३

मामा,

तुम्हाला नमस्कार आणि मामींना मिठी. तुम्हाला मिठी मारली की तुम्ही सावधानमध्ये उभे राहता, म्हणून नमस्कारच बरा.

फोनचा काही उपयोग नाही हे गेल्या वेळी कळलं. मी इकडून ओरडत होते, मामी तिकडून तुमच्या कानात ओरडत होत्या आणि तुम्ही आम्हा दोघींना सांगितलंत, "जेवून घ्या." तोफखान्यानं तुमचे कान घेतले पण डोळे शाबूत ठेवले, तेव्हा यापुढं पत्रच लिहीन.

बातमी अशी की माझा प्लँट चालू झाला! हो, माझाच म्हणते. चार वर्षं साखर कारखान्यात सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटले तेव्हा कुठं झाला. तुम्हाला मागं एकदा समजावून सांगितलं होतं, पण तुम्ही विसरला असाल आणि मला सांगायला आवडतं. आमच्या डिस्टिलरीतून मळीचं काळं पाणी निघतं. आजवर ते चोरून ओढ्यात सोडायचे. ओढ्याकाठी माझं सासर आहे. आमच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि सासूबाई अजून टँकरच्या पाण्यावर स्वयंपाक करतात. आता ते काळं पाणी आटवून आम्ही भट्टीत जाळतो. मागं राख उरते आणि त्या राखेत पोटॅश असतं. उसानं जमिनीतून ओढलेलंच ते, परत जमिनीला द्यायचं.

तुम्ही म्हणाल, पोटॅश बाजारात मिळतं की. मिळतं, पण ते बोटीनं परदेशातल्या खाणींतून येतं. मी शिकायला जर्मनीत होते तेव्हा अशी एक खाण पाहिली. पोटॅश काढून घेतल्यावर जे मीठ उरतं त्याचा शेजारी डोंगर झालाय, आपल्या अजिंक्यताऱ्याएवढा. पाऊस पडला की ते मीठ नदीत उतरतं आणि खालची गावं त्या नदीचं पाणी पीत नाहीत. तिथली माणसं आता ते मीठ पुन्हा खाणीच्या पोटात भरायला धडपडतायत. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, की पोतं आपल्या बागेत यायचं आणि मीठ दुसऱ्याच्या नदीत जायचं, हे काही खरं नाही.

आमच्याही राखेत मीठ असतं. ते आम्ही एकदा धुऊन काढतो आणि धुतलेलं पाणी प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यात उन्हावर आटवतो. उसाला एवढं धुणं पुरतं. द्राक्षाचं तुम्हाला मी काय सांगणार, वेलीला मीठ सोसत नाही. आमच्या राखेत उरलेलं मीठ सोसेल की नाही ते प्रयोगशाळेत नीट कळत नाही, बागच सांगेल. चेअरमन म्हणतात, उसाच्या भावात हा प्लँट परवडत नाही, द्राक्षवाल्यांनी घेतलं तरच ठेवू. दिवाळीपर्यंत काय ते दाखवा, नाहीतर भट्टी बंद. भट्टी बंद म्हणजे पाणी परत ओढ्यात.

म्हणून पहिला माल तुमच्याकडं पाठवते आहे. आपल्या गुऱ्हाळात पहिल्या आधणाचा गूळ देवाला दाखवून मामाच्या घरी जायचा, तसं समजा. औंधला जाऊन यमाईपुढं मूठभर ठेवून आले. छोटा हत्ती टेम्पो भरून पाठवलंय, मामाकडं कमी कसं पाठवायचं? पण मामा, फक्त चार ओळींना घाला. चारच. बाकीच्या बागेला नेहमीचं गंधकाचं पोटॅश द्या. म्हणजे शेजारी शेजारी बघून फरक कळेल. जे दिसेल ते जसंच्या तसं लिहा.

तुमची संयोगिता

---

कवठे महांकाळ, २५ जून

चि. संयू,

तुझा छोटा हत्ती पोचला. ड्रायव्हर जेवून गेला. तुझ्या मामीनं पोत्यांना हळदकुंकू लावलं, एका पोत्याची थोडी कड फोडून दाणे देवापुढं ठेवले आणि मला म्हणाली, "लेकीनं लय मोठं काम केलंय बगा." ती तुला लेकच म्हणते, मी दुरुस्त करत नाही.

तीस वर्षं सरहद्दीवर तोफा वाजवल्या, पण आपल्या घरातल्या पोरीनं भट्टीतून खत काढलं याचं जे वाटलं ते पदक घेतानाही वाटलं नव्हतं. पोती बघायला शेजारचा मदन आला होता. त्याची बाग माझ्या बांधाला लागूनच, तुला माहीत आहे. जैन देरासरात जाऊन थेट इकडंच आला. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "सुभेदार, ऱ्हायलं तर आमाला बी द्या." मी म्हटलं, आधी मामाचा मान, मग तुझा.

हुकमाप्रमाणे काम झालं आहे. पाऊस अजून नाही. ढग येतात, हजेरी देऊन निघून जातात. ठिबकवर चाललं आहे.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

मामा

---

सातारा, २० जुलै

मामा,

हुकमाप्रमाणे काम झालं, एवढंच? मी जवानाचा रिपोर्ट मागितला नव्हता, बागेची खुशाली विचारली होती. पानं कशी आहेत? कडा हिरव्या आहेत ना? त्या चार ओळींचा आणि शेजारच्या ओळींचा असे दोन फोटो मामींच्या फोनवरून पाठवा. मामींना फोन केला तर त्या "समदं बरं हाय" म्हणतात आणि ठेवून देतात. त्या कधीपासून एवढ्या कमी बोलायला लागल्या?

इथं माझी झोप उडाली आहे. एमडी साहेब रोज विचारतात, तुमच्या द्राक्षाचं काय झालं? त्यांना प्लँट नकोच आहे. भट्टीला देखभाल लागते, ओढ्याला लागत नाही. चेअरमननी सांगितलंय, ऑगस्टमध्ये सांगलीत बागायतदारांचा मेळावा घेऊ, तिथं बागेचा दाखला द्या. माझ्याकडं दाखला एकच, तुमची बाग.

एक सांगते. परवा सासूबाईंनी विहिरीतून कळशी काढली आणि पाणी उजेडात धरून बघितलं. पूर्ण निवळलं नाही, पण तळ दिसत होता. कळशी घेऊन आत गेल्या आणि त्या पाण्यात डाळ शिजत घातली. मी मोरीत जाऊन रडले. लग्न होऊन आल्यापासून त्या विहिरीच्या पाण्यात काही शिजलेलं मी पाहिलं नव्हतं.

ही भट्टी बंद पडली तर मी त्या बाईला तोंड कसं दाखवू? लवकर लिहा, मामा. मला तुमचा एक शब्द पाहिजे.

संयोगिता

---

कवठे महांकाळ, ३१ जुलै

चि. संयू,

एवढा जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. तुझ्या चार ओळी झकास आहेत. पानं काळीभोर, काडी टणक, बाकीच्या बागेपेक्षा दोन बोटं पुढंच आहेत. हे तुझ्या चेअरमनला सांग, आणि वर सांग की सुभेदार लालासाहेब सांगतात.

फोटो पाठवता येत नाही, मामीच्या फोनचा कॅमेरा बिघडला आहे. तू इकडं येण्याचा विचार करत असशील तर आता नको. रस्त्याचं काम काढलं आहे, उगीच हाल होतील. मामी जरा थकली आहे म्हणून कमी बोलते, बाकी काही नाही.

पाऊस अजून नाही. एक चांगला पाऊस पडला की सगळं मार्गी लागेल.

सासूबाईंच्या डाळीचं मामीला वाचून दाखवलं. दोघांनीही ते पान दोनदा वाचलं.

मामा

---

सातारा, २ सप्टेंबर

मामा, मामा, मामा!

तुमच्या तोंडात साखर. सांगलीचा मेळावा झाला. मार्केट यार्डाजवळच्या कार्यालयात बसायला जागा नव्हती. मिरज, तासगाव, कवठे, सगळीकडची माणसं. मी खाणी, मिठाचा डोंगर, ओढा असं काय काय सांगत होते आणि लोक जांभया देत होते. मग कुणीतरी मागून विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या बाई, द्राक्षाला चालतंय का न्हाई सांगा." मी तुमचं पत्र काढलं आणि वाचलं. "पानं काळीभोर, काडी टणक, बाकीच्या बागेपेक्षा दोन बोटं पुढं." मग मदनकाका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सुभेदाराचा शबूद हाय, तवा इचारायचं कारण न्हाई." टाळ्या पडल्या, मामा. मी आयुष्यात कुणासाठी एवढ्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या.

एमडी साहेबांनी लगेच पत्रक छापून घेतलं. तुमचा गणवेशातला फोटो, खाली तुमचं वाक्य. विचारायला वेळ नव्हता, रागावू नका. माल उचलला जातोय. ऑक्टोबर छाटणीआधी वेलींखालचे मातीचे बोद फोडून शेणखताबरोबर घालायचं म्हणून सगळे आत्ताच नेतायत. सगळ्यात जास्त पोती मदनकाकांनी नेली.

चेअरमन म्हणाले, आता भट्टी बंद करायचं नाव नको. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

हे सगळं तुमच्यामुळं. दिवाळीला येते, तुमच्या बागेत बसून भाकरी खायची आहे.

तुमचीच, संयू

---

कवठे महांकाळ, ९ सप्टेंबर

संयू,

हे पत्र मी आठ वेळा फाडलं. आता फाडायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

माझी बाग गेली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पानांच्या कडा करपायला लागल्या, मग पानं वाटीसारखी वळून गळायला लागली. आता वेलींवर काड्या आहेत आणि काड्यांवर डोळा नाही. पुढच्या हंगामाचा घड त्यांत धरलेला नाही, हे मला काडी कापून बघायलाही लागत नाही.

तू चार ओळी म्हणाली होतीस. मी सगळ्या बागेला घातलं. बहिणीच्या लेकीनं पहिल्या आधणाचं पाठवलं आणि मी त्यातलं चार ओळींना घालून बाकीचं शेडमध्ये ठेवायचं? पहिल्या आधणाचं घरात तसंच ठेवत नाहीत, वाटून संपवतात, हे तुझी आई आणि मी लहानपणापासून बघत आलो. पंगतीत चौघांना वाढायचं आणि बाकीच्यांना नुसतं बघत बसवायचं, हे माझ्यानं होईना. मामी म्हणाली होती, "आवं, तिनं चारच म्हटलंय." मी तिला म्हटलं, पोरगी संकोचानं म्हणते. म्हणून फरक बघायला शेजारी एकही ओळ उरली नाही.

मग लगेच का सांगितलं नाही? तुला लिहायला बसलो, तेवढ्यात तुझं ते कळशीचं पत्र आलं. मला वाटलं, पाऊस पडला की मीठ धुऊन निघेल, पालवी फुटेल, आणि मी जे लिहिलं ते खरं होईल. खोटं लिहितो आहे असं मला वाटलंच नाही. आगाऊ लिहितो आहे असं वाटलं. पाऊस आलाच नाही, संयू. आमच्याकडं या साली भुरभुरसुद्धा धड झाली नाही.

मदन बांधावरून विचारायचा, पानं अशी का झाली? मी म्हणायचो, फवारणीचा चटका बसला. त्याच मदननं तुझ्यापुढं उठून माझा शब्द दिला. मामी आता माझ्याशी बोलत नाही, म्हणजे मी ऐकू शकेन असं ओरडत नाही. ताट ठेवते आणि जाते.

तुझी बाजू वाचवायला गेलो आणि तुलाच तोंडघशी पाडलं. काय करायचं ते तू सांग. मी करतो.

लालासाहेब

---

सातारा, १३ सप्टेंबर, कवठ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती

मामा,

रागवायला आत्ता वेळ नाही. बोद फोडून खत भरायला लोकांनी सुरुवात केली असेल. एकदा मातीआड गेलं की काढता येणार नाही.

मी सकाळीच एमडी साहेबांकडं गेले, तुमचं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. ते म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या बागेचं काय घेऊन बसलात, ठिबकचं पाणी वाईट असेल. विकलेला माल परत घ्यायचा नाही, लेखी काही द्यायचं नाही. मी दुकानदारांना फोन केले तर त्यांना माझ्याआधी कारखान्यातून फोन गेलेला, की मॅडमची तब्येत बरी नाही. मदनकाका फोन उचलत नाहीत. त्यांच्या सुनेनं, दीपालीनं, उचलला; खत थांबवा म्हटलं तर म्हणाली, "बाबा रानात हायती, फोन घरीच ऱ्हातो."

मामींचा फोन लागत नाही, म्हणून हे लिहिते. तुम्ही जा. आत्ता हातातलं टाकून जा. मदनकाकांकडं आधी. मग ज्याच्या दारात आमची पोती दिसतील त्याच्याकडं. सांगा की घालू नका, संयोगितानं सांगितलंय, आणि सुभेदार म्हणून सांगा, की मी खोटं लिहिलं होतं. हे शेवटचं सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नाही.

मी इथं चेअरमनना गाठते. मला रजा मिळत नाही, मागितली तर काढून टाकतील, आणि आत असल्याशिवाय माल थांबवता येणार नाही. जा, मामा.

संयोगिता

---

कवठे महांकाळ, २३ सप्टेंबर

चि. संयू,

रिपोर्ट देतो. जसं घडलं तसं.

तुझा ड्रायव्हर आला तसा चप्पल घालून मदनकडं गेलो. त्याच्या रानात चार गडी बोद फोडत होते, पोती उघडी. मी ओरडलो, "मदन, थांबीव! घालू नगं, बाग जळती!" तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. मी परत ओरडलो. त्यानं खिशातून तुझं पत्रक काढलं, माझ्या हातात दिलं आणि माझ्याच फोटोवर बोट ठेवलं. मग हसून गड्यांना खूण केली, चालू द्या. मामी माझ्या मागं पळत आली होती. ती रडत त्याला काय म्हणाली ते तिनं मला मागाहून सांगितलं, आणि तो तिला काय म्हणाला तेही. "सुभेदाराला आता आमी पुढं गेलेलं बगवंना."

बाकीच्या गावांतही तेच. मी ओरडायचो, ते पत्रक दाखवायचे. एकानं माझ्या हातात पेन दिलं, म्हणाला असावा लिहून द्या. मी त्याच पत्रकावर फोटोखाली लिहिलं की हे वाक्य खोटं आहे. त्यानं वरचं वाचलं, खालचं वाचलं, दोन्ही मीच लिहिलेलं, आणि कागद घडी करून परत दिला. त्याचं काय चुकलं?

तेव्हा मला सुचलं ते केलं. माझ्या बागेकडं कुणाला फिरकू दिलं नव्हतं, आता बागच बाहेर काढली. ट्रॅक्टर लावून वेली मुळासकट उपटल्या आणि ट्रॉलीत रचल्या. रिटायर झाल्यावर या दोन हातांनी लावल्या होत्या. ट्रॉली घेऊन मदनच्या रानात उभा राहिलो. तो आला, एक काडी घेऊन मोडली, दुसरी मोडली. मग मटकन खाली बसला. त्याची निम्म्याहून जास्त बाग भरून झाली होती. दीपाली आणि गडी हातांनी माती उकरून दाणे वेचायला लागले. शेणखतात मिसळलेले दाणे कसे वेचायचे? तरी वेचत होते.

ट्रॉली गावोगाव फिरवली. लोकांनी पोती परत बांधली. आपली सोडून एकूण तीन बागा जातील, मदनची धरून. बाकी वाचल्या. दुकानापुढं लोकांनी पोती आणून टाकली, तुझ्या कारखान्याच्या नावानं शिव्या दिल्या, माझ्या पत्रकांची होळी केली. मी तिथंच उभा होतो. मला कुणी काही केलं नाही, त्यापेक्षा केलं असतं तर बरं वाटलं असतं.

मदन माझ्या बांधाकडं बघत नाही.

मामा

---

सातारा, ८ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र मिळालं. त्याआधीच इथं सगळं होऊन गेलं होतं.

कवठ्याहून परत आलेल्या पोत्यांनी गोदामाचं दार बंद होईना. चेअरमननी मला बोलावलं. मी म्हटलं, माल उसाला चालेल, आणि द्राक्षासाठी आणखी एक धुणं लावू, मला सहा महिने द्या. ते म्हणाले, आता या नावाचं कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही. भट्टी विझवली. मला घरी बसायला सांगितलं. मदनकाकांची भरपाई द्या म्हणून मी अर्ज दिलाय, त्यावर एमडी साहेबांनी "सुभेदारांकडे मागा" असं तोंडी सांगितलं.

सोमवारी ओढ्याला काळं पाणी आलं. फेस घेऊन आलं. मासे वर आले आणि पोरांनी ते काठ्यांनी बाजूला ढकलले. सासूबाई विहिरीकडं गेल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं टँकरचं पिंप धुतलं आणि दाराबाहेर ठेवलं. गावच्या सोसायटीत काल बोटीचं लाल पोटॅश उतरलं, उसासाठी. त्याचं मीठ कुठल्या नदीत उतरलंय ते इथं कुणाला बघायचं नाही, आणि आमचं काळं पाणी तिकडच्या कुणाला दिसायचं नाही.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणते, मोठ्या माणसाला असं लिहू नये तरी लिहिते. दुसऱ्या धुण्याच्या टाकीची जागा मी प्लँटमध्ये आधीच आखून ठेवली होती. चुन्यानं. तुम्ही जुलैत लिहिलं असतंत, "पोरी, पानं जळाली", तर तुमची एक बाग गेली असती आणि मी मोठमोठ्यानं रडले असते. मग त्या चुन्याच्या चौकटीत टाकी बसवली असती. दिवाळीपर्यंत जमलं असतं की नाही, माहीत नाही. कदाचित हरले असते. पण तुम्ही मला हरूच दिलं नाहीत, मामा. माझ्यावर एवढी माया केलीत की माझी चूकसुद्धा माझ्या हाताला लागू दिली नाहीत. आणि मी तरी काय केलं? चार ओळी म्हणत छोटा हत्ती भरून पाठवला, आणि तुमच्या एका वाक्यावर सगळा जिल्हा उभा केला, फोटो न बघता, कारण मला तेच ऐकायचं होतं.

तुम्ही तुमच्या वेली उपटल्यात. ते तुम्ही माझ्यासाठी नाही केलंत, मदनकाकांसाठी केलंत, आणि या सगळ्यात तेवढंच एक काम माझ्या लाडापायी झालेलं नाही. म्हणून त्या एका गोष्टीचा मला अभिमान वाटतो.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाईल की नाही तेही सांगता येत नाही. पत्रात मी शब्द निवडते, तुम्ही शब्द निवडता, आणि दोघं एकमेकांना जपत बसतो. परवाच्या गाडीनं मी येते आहे. आधी मदनकाकांच्या दारात जाणार, त्यांनी हाकललं तरी. मग तुमच्याकडं. माझ्यापुढं कागद ठेवू नका, मामींना मध्ये बसवू नका. तुम्हाला ऐकू येत नाही, तर नुसतं माझ्या तोंडाकडं बघा.

संयोगिता